तीन महिन्यांचं ल्युप्रोलाइड इंजेक्शन आणि जोडीच्या गोळ्या : खान्देशातल्या प्रोस्टेट रुग्णांसाठी परीक्षण

जळगाव, धुळे, नंदुरबार, जिल्हा कोणताही असो, पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगाच्या रुग्णाची चिठ्ठी बहुतेक वेळा एकाच वळणाची असते. दर तीन महिन्यांनी ल्युप्रोलाइडचं डेपो इंजेक्शन (अंगात साठून हळूहळू सुटणारं), सुरुवातीला बायकॅल्युटामाइडची गोळी, आणि आजार पुढे सरकला किंवा आधीच हाडांत असला तर ॲबिराटेरॉन. ही औषधं बऱ्याच कंपन्या बनवतात, छापील किंमत आणि प्रत्यक्ष बिल यांत मोठा फरक पडतो, त्यामुळे घरची माणसं दुकानात आधी विचारतात, "कुठल्या कंपनीचं चांगलं?"

आमच्या मते कंपनी हा दुसरा प्रश्न आहे. रुग्णाच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेलं का, आणि पुढच्या इंजेक्शनच्या दिवसापर्यंत खालीच राहिलं का, ही या उपचाराची खरी कसोटी. चांगल्या कंपनीचं इंजेक्शनही या कसोटीत नापास होतं. कारण खोक्याबाहेर असतं: ऊन, चुकीचं मिसळणं, हुकलेली तारीख.

आधी औषध काय करतं ते पाहू. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून एलएचआरएच नावाचा संप्रेरक ठरावीक अंतरानं, थोडा-थोडा सुटतो. त्याच्या इशाऱ्यावर पिट्युटरी ग्रंथी एलएच हे दुसरं संप्रेरक सोडते आणि एलएच वृषणांना टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतो. पुरुषाच्या शरीरातलं ९० टक्क्यांहून अधिक टेस्टोस्टेरॉन असं तयार होतं. उरलेलं मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथींनी पुरवलेल्या कच्च्या मालातून बनतं. हा उरलेला भाग लहान आहे, पण पुढे ॲबिराटेरॉनचं सगळं काम त्याच्याशीच आहे.

प्रोस्टेटच्या गाठीचं टेस्टोस्टेरॉन तोडलं की ती आक्रसते, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं. १९६६ चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. एलएचआरएचची रचना अँड्र्यू शॅली यांच्या गटानं १९७१ मध्ये उलगडली आणि १९७७ मध्ये शॅलींनाही नोबेल मिळालं. ल्युप्रोलाइड ही त्याच रेणूची जास्त टिकाऊ नक्कल. नैसर्गिक इशारा थांबून-थांबून येतो, हा अखंड येत राहतो. सततच्या इशाऱ्यानं पिट्युटरी काही दिवसांत दाद देणं सोडते, एलएच बंद पडतो, आणि दोन ते चार आठवड्यांत टेस्टोस्टेरॉन वृषणं काढल्यावर असतं तितकं खाली येतं.

दाद देणं सोडण्याआधी मात्र पिट्युटरी एकदा जोरात काम करते. पहिल्या एक-दोन आठवड्यांत टेस्टोस्टेरॉन उलट वाढतं. आजार मणक्यात असेल तर गाठ सुजून मज्जारज्जू दाबला जाऊ शकतो, मूत्रमार्ग आधीच अरुंद असेल तर लघवी अडकते. म्हणून बायकॅल्युटामाइड ५० मिलिग्रॅम रोज एक, इंजेक्शनच्या साधारण आठवडाभर आधीपासून सुरू करतात आणि नंतर तीन-चार आठवडे चालू ठेवतात. वाढलेलं टेस्टोस्टेरॉन गाठीच्या पेशींतल्या ज्या खाचेत जाऊन बसणार, ती खाच ही गोळी अडवून धरते. आठवडा आधी का, तर ही गोळी अंगात सावकाश साठते. तिचं अर्धायुष्य सुमारे सहा दिवसांचं आहे, आज घेतली आणि आज पूर्ण असर, असं होत नाही. "सुई उद्याच देऊन टाका, गोळी मग चालू करू" ही घाई इथे महागात पडते. पहिल्या इंजेक्शननंतर पायांत जोर कमी वाटला, बधिरपणा आला, कंबर अचानक जास्त दुखू लागली किंवा लघवी अडली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा.

खोक्यात काय असतं आणि कुठे बिघडतं

ल्युप्रोलाइड डेपो ३.७५ मिलिग्रॅम महिन्याला, ११.२५ आणि २२.५ तीन महिन्यांना. दुकानात पहिली गफलत इथेच होते. याच नावाची, रोज थोडं-थोडं टोचायची तयार द्रावाची लहान कुपीही मिळते, ती मुख्यतः वंध्यत्वाच्या उपचारात लागते. तिचा आणि डेपोचा काही संबंध नाही. खोक्यावर "डेपो" हा शब्द आणि चिठ्ठीतला मिलिग्रॅमचा आकडा, दोन्ही जुळवूनच पैसे द्या. ३.७५ ची तीन इंजेक्शनं एकदम टोचली म्हणजे ११.२५ चं काम झालं, असंही होत नाही. तीन महिन्यांच्या डेपोतले कण वेगळ्या वेगानं विरघळतात. महिन्याच्या डेपोतले कण महिन्याभरात संपतात, मग एकदम कितीही टोचा.

हे कण म्हणजे लॅक्टिक आम्लाच्या, काहींत सोबत ग्लायकोलिक आम्लाच्याही, पॉलिमरचे बारीक गोळे. स्नायूत बसून ते हळूहळू झिजतात आणि आतलं औषध सुटत राहतं. उष्णतेनं हेच पॉलिमर मऊ पडतं, कण एकमेकांना चिकटतात, मग औषध एक तर लवकर सुटतं किंवा सुईत अडकतं. भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि उभ्या मोटरसायकलच्या डिक्कीत त्याहून किती तरी जास्त. आखाजीच्या सुमारास जळगावहून इंजेक्शन घेऊन रावेर-यावलकडे भर दुपारी डिक्कीतून नेणं म्हणजे औषध वाटेतच खराब करणं. सकाळी न्या किंवा दिवस कलल्यावर, थर्मासच्या डब्यात, आणि बर्फाची पिशवी खोक्याला थेट न लावता मध्ये कापडाची घडी ठेवून. गोठलेलं औषधही टाकाऊच.

"भाऊ, हाई सुई फ्रीजमा ठेवानी का?" या प्रश्नाला एकच उत्तर नाही. काही उत्पादनं २ ते ८ अंशांत ठेवायची असतात, काही २५ अंशांच्या खाली. खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, तेच खरं मानायचं. "२५ च्या खाली" लिहिलेलं असेल तर थंडीत कपाट चालतं, पण एप्रिल-मेमध्ये खान्देशातलं कुठलंही कपाट चालत नाही. तेव्हा फ्रीजचा खालचा कप्पा, बर्फाच्या खणापासून लांब. सगळ्यात बरं म्हणजे इंजेक्शन घरी आणूच नका. जिथे टोचायचं तिथेच, त्याच दिवशी खरेदी करा.

मिसळण्याची कृती प्रत्येक कंपनीच्या पत्रकात थोडी वेगळी असते, पण चुका सगळीकडे सारख्याच. फ्रीजमधून काढलेलं किट अर्धा तास बाहेर राहू द्यायचं. पावडरची कुपी टिचकी मारून सैल करायची, म्हणजे तळाला गठ्ठा राहत नाही. किटमध्ये दिलेला द्रवच वापरायचा, पत्रकात लिहिला तितका. बऱ्याच किटमध्ये या द्रवात कण तरंगत ठेवणारा घट्ट पदार्थ असतो. त्याऐवजी साधं डिस्टिल्ड वॉटर किंवा सलाइन घातलं की कण तळाला बसतात आणि अर्धा डोस कुपीतच राहतो. मग कुपी गोल-गोल फिरवायची. जोरात हलवली तर फेस येतो आणि मात्रा कमी ओढली जाते. सगळं एकसारखं, पातळ ताकासारखं पांढरं दिसलं की लगेच ओढायचं आणि लगेच खुब्याच्या स्नायूत टोचायचं. मिसळून ठेवलं आणि डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे गेले, तर कण पुन्हा खाली बसणार. सुई अडली तर जोर लावू नये, तितक्याच जाडीची दुसरी सुई लावावी. टोचून झाल्यावर कुपी उजेडात धरा. भिंतीला आणि तळाला पांढरा थर दिसला तर तितकं औषध रुग्णाला मिळालेलं नाही. ते वहीत लिहून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा.

गावातल्या दवाखान्यात ही सुई क्वचितच येते. सिस्टरताईंनी किंवा कंपाउंडरनं ती आधी मिसळलेली नसेल, तर पत्रक वाचायला पाच मिनिटं द्या, त्यात कुणाचा अपमान नाही. नेहमीची सोय तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी, जिथे अशी इंजेक्शनं दर आठवड्याला दिली जातात, तिथेच करावी हे आमचं मत.

तारीख १२ आठवड्यांची, म्हणजे ८४ दिवसांची. "तीन महिने" म्हणून मोजलं की दर वेळी सहा-सात दिवस पुढे सरकतं आणि वर्षभरात जवळजवळ महिना जातो. इंजेक्शन घेतल्या दिवशीच पुढची तारीख कालनिर्णयावर गोल करून ठेवा. ती सप्तशृंगीच्या चैत्र यात्रेत किंवा कापूस वेचणीत येत असेल तर दोन दिवस आधी घ्या, नंतर नको. उशीर झाला की वृषणं पुन्हा जागी होतात.

ल्युप्रोलाइड डेपोला आमचा कौल: योग्य हातात उत्तम, घाईत आणि उन्हात नाजूक.

याच वर्गातलं गोसेरेलिन १०.८ मिलिग्रॅमही १२ आठवड्यांचं. त्यात मिसळण्याची भानगडच नाही, भरलेल्या सिरिंजमधून तांदळाएवढी कांडी पोटाच्या कातडीखाली सोडतात. सुई मात्र १४ गेजची, बरीच जाड, त्यामुळे जागा बधिर करून घेणं चांगलं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते आधी सांगणं अत्यावश्यक, पोटाच्या भिंतीत रक्त साकळू शकतं. मिसळण्याच्या चुकांची भीती असेल तिथे आम्ही ल्युप्रोलाइडपेक्षा गोसेरेलिन वर ठेवू.

डेगारेलिक्स वेगळ्या मार्गानं जातं. ते पिट्युटरीला चेतवत नाही, सरळ अडवतं, म्हणून सुरुवातीची उसळी नाही आणि टेस्टोस्टेरॉन तीन दिवसांत खाली. पहिल्या दिवशी १२० ची दोन इंजेक्शनं, पुढे दर २८ दिवसांनी ८०. मणका दाबला जाण्याच्या बेतात असेल तर हेच घ्यावं. एरवी दर महिन्याची फेरी, टोचल्या जागी लाली-गाठ-दुखणं, आणि खर्च, या तीन कारणांनी ते दीर्घकाळ चालवणं खेड्यातल्या घराला जड जातं.

एक तपासणी जी चिठ्ठीत नसते

दर तीन महिन्यांनी पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारं प्रथिन, त्यावरून आजाराचा अंदाज येतो) सगळेच करतात. त्याच रक्तात टेस्टोस्टेरॉन क्वचित कुणी करतं, आणि खरी माहिती तिथे असते. इंजेक्शनच्या आदल्या दिवशी दोन्ही एकत्र करा, दर वेळी त्याच लॅबमध्ये. पीएसए चढलाय आणि टेस्टोस्टेरॉन ५० च्या वर आहे, म्हणजे आजार औषधाला बधेनासा झाला असं नाही. औषध पोचलंच नाही. मिसळणं, साठवण, तारीख, उत्पादन, यातलं काहीतरी चुकलं. पीएसए चढलाय आणि टेस्टोस्टेरॉन मात्र तळाशी आहे, तर आजारानं रूप बदललं आणि पुढचं औषध लागणार. पहिल्या परिस्थितीत महागड्या गोळ्या सुरू झाल्या तर घरचा पैसा जातो आणि मूळ चूक तशीच राहते.

बायकॅल्युटामाइडबद्दल थोडं. ५० मिलिग्रॅमची गोळी राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे, म्हणून तिच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे. कंपनीवरून फार डोकं खपवू नका. ती कधी थांबवायची हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या, कारण वर्षानुवर्षं चालू राहिलेली ही गोळी काही रुग्णांत उलटते. खाच अडवण्याऐवजी गाठीला चेतवू लागते. तेव्हा नुसती ती बंद केल्यावर पीएसए उतरलेला दिसतो, आणि अर्धायुष्य लांब असल्यानं तो उतरायला सहा आठवडेही लागू शकतात. यकृताची तपासणी हवी. रक्त पातळ करणारं वॉर्फरिन चालू असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा आकडा) वाढतो, तोही पाहावा लागतो.

ॲबिराटेरॉन: पोट रिकामं म्हणजे किती रिकामं

टेस्टोस्टेरॉन बनवायला सीवायपी१७ नावाचं विकर लागतं. ॲबिराटेरॉन ते बंद पाडतं, वृषणात, ॲड्रिनलमध्ये आणि खुद्द गाठीतही. इंजेक्शनच्या तावडीतून जो उरलेला भाग निसटतो तो हा. ठरलेला डोस १००० मिलिग्रॅम, म्हणजे २५० च्या चार किंवा ५०० च्या दोन गोळ्या, दिवसातून एकदाच. दुकानदारानं २५० ऐवजी ५०० चा डबा दिला तर गोळ्यांची संख्या निम्मी होते. "रोज चार" हे पाठ झालेल्या घरात दुप्पट डोस जाण्याचा धोका इथेच. डब्यावर मार्करनं "रोज २" असं मोठं लिहा.

गोळीच्या दोन तास आधी आणि एक तास नंतर काही खायचं नाही. हा नियम किती कडक आहे हे कळायला एक आकडा पुरे: तेलकट-तुपकट जेवणासोबत घेतल्यास रक्तात जाणारं औषध सुमारे दहापट होतं. शेवभाजी किंवा भरीत-पुरीच्या जेवणाबरोबर आणि दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी, असं चाललं तर रोज वेगळाच डोस अंगात जातो. आमच्या हिशेबानं सोपी वेळ म्हणजे पहाट: उठल्यावर पाण्यासोबत गोळ्या, तासाभरानं चहा. दुधाचा चहा हेही खाणंच धरायचं.

ॲबिराटेरॉनच्या जोडीला दिली जाणारी प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडची गोळी मात्र न्याहारीनंतर, कधीही रिकाम्या पोटी नाही. म्हणजे एकाच चिठ्ठीतली दोन औषधं दोन वेळांना. बरेच जण पाचही गोळ्या एकत्र न्याहारीवर घेतात, आणि पोटाची काळजी घेतल्याचं समाधान मानतात. प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅम एकदा की दोनदा, हे आजाराच्या टप्प्यावर ठरतं. ते जोडीला का असतं हे नीट समजून घ्या. सीवायपी१७ बंद झालं की कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, घटतं, ॲड्रिनलला जास्त काम करण्याचे इशारे जातात, आणि मीठ-पाणी धरून ठेवणारी संप्रेरकं वाढतात. मग रक्तदाब चढतो, पायांवर सूज येते, पोटॅशियम घसरतं. प्रेडनिसोलोन हे रोखतं. "स्टिरॉइड वाईट" म्हणून घरच्यांनी ते परस्पर बंद केलं तर अशक्तपणा, उलट्या, रक्तदाब कोसळणं इथपर्यंत जाऊ शकतं. दोन्ही औषधांचा साठा एकाच दिवशी संपेल असाच घ्या, आणि आठवडाभर आधी पुढचा आणा.

तपासण्या: सुरू करण्याआधी एसजीपीटी, एसजीओटी, बिलिरुबिन या यकृताच्या तपासण्या. मग पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी, पुढे दर महिन्याला. रक्तदाब आणि पोटॅशियम महिन्यातून एकदा तरी. केळीच्या मुलखात पोटॅशियमवर उपाय विचारला की केळं हेच उत्तर येतं. एका मध्यम केळ्यात साधारण ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, ते चांगलंच आहे. पण औषधामुळे घसरलेलं पोटॅशियम केळ्यांनी भरून निघत नाही, डॉक्टरांनी दिलेलं सिरप घ्यावंच लागतं. शिवाय टेस्टोस्टेरॉन घटवणाऱ्या उपचारात साखर वाढते, प्रेडनिसोलोन ती आणखी वाढवतं, मग मधुमेह्यानं रोज चार केळी खाऊन कसं चालेल? सुजेसाठी स्पायरोनोलॅक्टोन मात्र टाळावं. ते टेस्टोस्टेरॉनच्याच खाचेत जाऊन बसतं आणि पीएसए चढवू शकतं. गावातल्या डॉक्टरांकडे सूज दाखवताना ॲबिराटेरॉनचा डबा सोबत न्या.

खर्चाबद्दल. २०१८ मध्ये ७२ रुग्णांवरचा एक अभ्यास आला. त्यात २५० मिलिग्रॅमची एकच गोळी कमी तेलाच्या न्याहारीसोबत दिली होती, आणि पीएसएवरचा परिणाम १००० मिलिग्रॅम उपाशीपोटीच्या तोडीचा दिसला. खर्च चौथाई. अभ्यास लहान आहे, पण पैशाअभावी औषधच बंद पडणार असेल तर हा मार्ग डॉक्टरांना स्पष्ट विचारावा. परस्पर मात्र करू नये. उपाशीपोटी एकच गोळी घेतली तर ती अपुरी, आणि कमी तेलाची न्याहारी म्हणजे नक्की काय, हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्यायचं.

ॲबिराटेरॉनच्या गोळीला, विशेषतः चुरलेल्या, घरातल्या गरोदर बाईनं उघडा हात लावू नये. म्हाताऱ्या सासऱ्यांना गोळ्या देण्याचं काम सुनेकडे असतं, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

एन्झाल्युटामाइडला जेवणाचं बंधन नाही, स्टिरॉइड लागत नाही, डोस १६० मिलिग्रॅम एकदा. ज्यांना मधुमेह आहे, यकृत दुबळं आहे, पंधरवड्याला रक्त तपासायला धुळ्याला येणं शक्य नाही, त्यांच्यासाठी हे सोयीचं. पण थकवा जास्त, पडण्याचा धोका जास्त, आणि पूर्वी फिट आली असेल किंवा पक्षाघात झाला असेल तर टाळलेलं बरं. इतर बऱ्याच औषधांचा असरही ते कमी करतं, म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीसकट दाखवाव्यात.

शस्त्रक्रियेला नाही म्हणण्याआधी

दोन्ही वृषणं काढण्याची शस्त्रक्रिया जुनी आहे म्हणून कमी दर्जाची नाही. टेस्टोस्टेरॉन काही तासांत खाली येतं, उसळी नाही, फ्रीज नाही, ८४ दिवसांची मोजणी नाही, खर्च एकदाच. बाहेरची पिशवी तशीच ठेवून आतला भाग काढण्याची पद्धतही आहे. शस्त्रक्रिया परत फिरवता येत नाही आणि मनाला लागते, हे दोन तोटे खरे आहेत, आणि निर्णय रुग्णाचाच असला पाहिजे, मुलांचा नाही. पण शहादा-तळोद्याच्या आतल्या पाड्यावरून दर तीन महिन्यांनी येणं ज्यांना जमणार नाही, त्यांना हा पर्याय सांगितलाच जात नाही, हे चुकीचं आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारून घ्या.

यातला कुठलाही मार्ग घेतला तरी हाडं ठिसूळ होतात, हिमोग्लोबिन एक-दोन अंकांनी उतरतं, अंगातून गरम वाफा येतात, कंबरेचा घेर वाढतो. सुरुवातीलाच हाडांची डेक्सा तपासणी, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व, आणि झेपेल तितकं रोजचं चालणं. वर्षानुवर्षांच्या या उपचारात मांडीचं हाड मोडून अंथरुणाला खिळणं हा मोठा धोका आहे, तो हिशेबात धरा.

शेवटी फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड, कारण याच रुग्णांच्या पिशवीत त्या जुन्या पडलेल्या असतात. त्या कर्करोगाच्या नाहीत, वाढलेल्या साध्या प्रोस्टेटच्या आहेत. टेस्टोस्टेरॉनचं प्रोस्टेटमध्ये डीएचटी हे जास्त जोरदार संप्रेरक होतं, ते त्या अडवतात. फिनास्टेराइड ५ मिलिग्रॅम, ड्युटास्टेराइड ०.५, असर दिसायला सहा महिने. महिन्याभरात "गुण नाही" म्हणून सोडू नका. सहा महिन्यांनंतर या गोळ्या पीएसए निम्मा करतात. रिपोर्टात ३ आला तर तो ६ समजायचा. लॅबला आणि डॉक्टरांना गोळीचं नाव सांगितलं नाही तर ६ चा माणूस ३ चा रिपोर्ट घेऊन निश्चिंत घरी जातो. लघवी मोकळी करणारी टॅम्सुलोसिन जोडीला असेल तर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना तेही सांगा, बाहुली नीट उघडी राहत नाही. केस गळतात म्हणून तरुण मुलं हीच फिनास्टेराइड १ मिलिग्रॅमची घेतात. त्यांनीही पीएसएचा हा हिशेब ठेवावा, आणि शेवटच्या गोळीनंतर महिनाभर रक्तदान करू नये. ड्युटास्टेराइड घेणाऱ्यांनी सहा महिने.